मेंदूचा अंमल आणि क्वीन स्क्वेअर

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात, ब्रिटिश म्युझियमपासून फारसा दूर नसलेला, क्वीन स्क्वेअर नावाचा एक लांबट, शांत चौक आहे. मधोमध कुंपण घातलेली बाग आहे, बागेत एका राणीचा शिशाचा पुतळा आहे आणि भोवताली रुग्णालयाच्या व संशोधनसंस्थांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. हा पुतळा पुष्कळ काळ राणी ॲनचा समजला जात असे. आता तो तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिचा मानतात. चौकाच्या कोपऱ्यावर ‘क्वीन्स लार्डर’ नावाचे एक जुने मद्यगृह आहे. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, मनोभ्रंशाने ग्रासलेल्या जॉर्ज राजावर या चौकातल्या एका वैद्याच्या घरी उपचार चालू असताना, त्याच्या आवडीचे पदार्थ साठवून ठेवण्यासाठी राणीने या मद्यगृहाच्या इमारतीचे तळघर भाड्याने घेतले होते. आख्यायिकेला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्याच्या नावाने साता समुद्रांपलीकडे फर्माने सुटत होती त्याच राजाचा स्वतःच्या मनावरील ताबा सुटला, ही आठवण ज्या चौकाशी जडलेली आहे त्याच चौकात पुढे दीड शतक ‘मेंदूत अंमल कोणाचा चालतो?’ या एकाच प्रश्नाची मसलत चालावी, हा योग मला विलक्षण वाटतो.

या मसलतीचा आरंभ मोठ्या विद्यापीठात झाला नाही, एका घरातल्या दुखण्यातून झाला. जोहाना चँडलर, त्यांची बहीण लुईसा आणि भाऊ एडवर्ड यांची आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, आणि अशा रुग्णाला असाध्य म्हणून कोणतेही रुग्णालय दीर्घकाळ ठेवून घेत नाही, हे त्या भावंडांच्या ध्यानात आले. शिंपल्यांच्या व मण्यांच्या शोभेच्या वस्तू करून त्या विकून त्यांनी थोडे द्रव्य जमवले. लंडनचे तेव्हाचे नगरपती डेव्हिड वायर यांना स्वतःला पक्षाघाताचा अनुभव असल्यामुळे त्यांचे मन या कामाकडे वळले. १८५९ च्या नोव्हेंबरात मॅन्शन हाउसमध्ये सभा भरली, आणि पुढच्या वर्षी क्वीन स्क्वेअरमधील २४ क्रमांकाच्या घरात, केवळ आठ खाटांचे, प्रथम स्त्रियांपुरतेच, ‘पक्षाघात व अपस्मार यांनी पीडित जनांसाठी’ असे राष्ट्रीय रुग्णालय उघडले. ज्यांचे अवयव आज्ञा पाळत नाहीत आणि ज्यांचे अवयव आज्ञेवाचून उसळतात, अशा दोन प्रकारच्या माणसांना एका छपराखाली आणण्यामागे करुणेखेरीज दुसरा हेतू नव्हता. तरीही या योजनेने शास्त्राचे फार मोठे काम झाले, कारण अंमल बुडणे आणि बेबंदशाही माजणे ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे पुढे ज्याने ओळखले त्याला ती दोन्ही अंगे रोज एकाच दालनात पाहावयास मिळाली.

तो मनुष्य म्हणजे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. यॉर्कशरमधील एका खेड्यात १८३५ साली जन्मलेला हा वैद्य १८६२ मध्ये या रुग्णालयात आला आणि आयुष्याचा बहुतेक काळ त्याने इथल्या खाटांपाशी पाहण्यात घालवला. ‘पाहण्यात’ हा शब्द मी हेतुपूर्वक वापरतो. अपस्माराचा झटका हा तेव्हा सर्व शरीराला एकदम हिसकणारा, अर्थशून्य उत्पात समजला जात असे. परंतु काही रुग्णांत तो एका अंगापुरताच असतो, आणि त्या अंगातही कोठून तरी एका ठिकाणाहून सुरू होऊन ठराविक क्रमाने पुढे सरकतो, इकडे जॅक्सनने लक्ष वेधले. आधी अंगठा थरथरतो, मग बोटे, मनगट, दंड, आणि मग तोंडाची एक बाजू. जणू एखादी फौज टप्प्याटप्प्याने कूच करीत आहे. झटक्याला क्रम असेल तर ज्या ठिकाणी तो उद्भवतो त्या ठिकाणालाही रचना असली पाहिजे, म्हणजे मेंदूच्या बाह्यस्तरात अंगठ्याचा मुलूख हाताच्या मुलखाला लागून आणि हाताचा मुलूख तोंडाच्या मुलखाला लागून असला पाहिजे, असे अनुमान त्याने मेंदूला स्पर्शही न करता केले. असे झटके अंगठ्यातून, ओठाच्या कोपऱ्यातून किंवा पायाच्या मोठ्या बोटातून विशेषेकरून सुरू होतात, हेही त्याने नोंदले. ज्या अवयवांचा मनुष्य अत्यंत कौशल्याने आणि स्वेच्छेने उपयोग करतो त्यांचाच मेंदूत भरणा अधिक, असा त्याचा अर्थ होता. या निरीक्षणाला एक दुःखाची किनार आहे. त्याची पत्नी एलिझाबेथ १८७६ साली मेंदूच्या विकाराने वारली, आणि त्या दुखण्यात तिलाही त्याच जातीचे झटके आले, ज्यांना पुढे वैद्यकाने तिच्या नवऱ्याचे नाव दिले.

झटक्यांच्या मार्गाहून थोर असा जॅक्सनचा विचार १८८४ च्या क्रूनियन व्याख्यानांत पूर्णरूपाने आला. हर्बर्ट स्पेन्सरच्या उत्क्रांतिवादाचा त्याच्यावर गाढ परिणाम झालेला होता. मज्जासंस्था ही एकावर एक चढलेल्या तीन पायऱ्यांची आहे असे त्याने मांडले: सर्वांत खालची पायरी साधी, पक्की आणि जवळजवळ आपोआप चालणारी, सर्वांत वरची गुंतागुंतीची, सैल बांधणीची आणि स्वेच्छेला वाव देणारी. वरची पायरी खालच्या पायरीतूनच उत्क्रांत झालेली, आणि तरीही तिचे मुख्य काम खालच्या पायरीला दाबून धरण्याचे. रोगाने आघात केला म्हणजे तो उत्क्रांतीच्या उलट दिशेने चालतो, जे शेवटी आले ते आधी जाते. आणि मग रुग्णात दोन प्रकारची लक्षणे दिसतात. काही गोष्टी त्याला करता येत नाहीत, ही वरच्या पायरीच्या नाशाची खूण. आणि काही गोष्टी तो करू लागतो ज्या त्याने करावयास नको होत्या, ही नाशाची खूण नव्हे, ती खालच्या शाबूत पायरीची स्वैर हालचाल. झटक्यानंतर रुग्ण कधीकधी पिसाटासारखा वागतो त्याचे कारण रोगाने त्याच्यात काही नवे घातले हे नसून रोगाने वरचा पहारा उठवला हे आहे, असे तो सांगे. या ठिकाणी त्याने स्वतःच राज्यकारभाराचा दृष्टान्त दिला: राष्ट्रातूनच निर्माण झालेले सरकार राष्ट्राला वाट दाखवते तसे आवरूनही धरते, आणि असे सरकार एकाएकी नष्ट झाले तर शोकाला दोन कारणे होतात, थोर पुरुषांच्या सेवेला आपण मुकतो हे एक, आणि मोकाट सुटलेल्या प्रजेची बेबंदशाही हे दुसरे.

पेशवाईच्या अखेरीची बखर ज्याने वाचली आहे अशा वाचकाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. परंतु जॅक्सनने त्यातून जे काढले ते राजनीतीच्या पुस्तकात सापडणार नाही. जीभ बाहेर काढा असे सांगितले असता ज्याला ती काढता येत नाही असा रुग्ण घटकाभराने ओठाला लागलेला पावाचा कण चाटण्यासाठी तीच जीभ सहज बाहेर काढतो. ज्याला एक साधे वाक्य जुळवता येत नाही तो संतापाच्या भरात स्पष्ट शिवी हासडतो. तेव्हा स्नायू गेला नाही, शब्दही गेला नाही. गेला तो केवळ त्यांच्यावरचा एक विशिष्ट दर्जाचा अधिकार. एकच अवयव तिन्ही पायऱ्यांवर पुनःपुन्हा नोंदलेला असतो, जसे एकाच गावाचे नाव गावकामगाराच्या वहीत, तालुक्याच्या दफ्तरात आणि हुजूरच्या दफ्तरात वेगवेगळ्या तपशिलाने आढळते. वरचे दफ्तर जळाले तरी गाव नाहीसे होत नाही. हा विचार मला जॅक्सनच्या सर्व लेखनातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘इच्छाशक्ती मेंदूत कोठे बसते?’ या जुन्या प्रश्नाऐवजी ‘ती किती पायऱ्यांनी वाटलेली आहे?’ हा नवा प्रश्न त्याने उभा केला.

मेंदूच्या बाह्यस्तराविषयी जॅक्सनने आधी केलेल्या अनुमानांना प्रयोगाचा पुरावा लवकरच मिळाला होता. १८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह लावून विरुद्ध बाजूचे पाय हलवून दाखवले. १८७३ मध्ये डेव्हिड फेरियर यांनी यॉर्कशरमधील वेकफील्डच्या वेड्यांच्या रुग्णालयात तेच काम अधिक बारकाईने केले, १८७६ चा आपला ग्रंथ जॅक्सनला अर्पण केला आणि पुढे तेही क्वीन स्क्वेअरला आले. १८८१ साली प्राण्यांवरील क्रौर्याच्या कायद्याखाली फेरियर यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १८८६ च्या मे महिन्यात व्हिक्टर हॉर्स्ली यांनी या रुग्णालयात लहानपणी डोक्याला मार लागलेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील व्रण काढला, तेव्हा जॅक्सन आणि फेरियर दोघेही तेथे उभे होते. झटका कोठून उठतो यावरून व्रण कोठे असेल हे ठरवले गेले होते, आणि तो तेथेच सापडला.

यानंतरच्या पिढीतील वैद्य गॉर्डन होम्स यांचा एक रुग्ण मला येथे आठवतो. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळ्यांनी लहान मेंदूला इजा झालेले अनेक सैनिक होम्स यांनी तपासले. त्यांनी नमूद केलेल्या अशा एका रुग्णाचे म्हणणे असे की, त्याचा धडधाकट हात आपली कामे नकळत उरकतो, पण दुखावलेल्या बाजूच्या हाताची प्रत्येक हालचाल त्याला मनाशी ठरवून, तुकड्यातुकड्याने, करवून घ्यावी लागते. जॅक्सनच्या चित्रात वरचा अधिकारी गेला की खालची रयत मोकाट सुटते. येथे उलट प्रकार झाला. हाताखालचा अनुभवी कारकून गेला आणि हुजूरला स्वतः बसून एकेक पावती फाडण्याची पाळी आली. वरच्या पायरीचे स्वातंत्र्य हे खालच्या पायऱ्यांनी मुकाट्याने उचललेल्या ओझ्यावर उभे असते, ही गोष्ट होम्स यांच्या सैनिकांनी आपल्या दुबळ्या हातांनी शास्त्राला शिकवली. केंब्रिजचा तरुण गणिती डेव्हिड मार याने १९६९ साली लहान मेंदू सरावाने हालचाली कशा शिकत असेल याचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्याने तेथील मज्जापेशींचे जे चित्र काढले ते, ज्यांची हकीकत पुढे येईल त्या, त्या काळच्या कृत्रिम मज्जाजालांच्या आराखड्याशी पुष्कळच जुळणारे होते.

पहिल्या महायुद्धातच, १९१५ च्या ८ सप्टेंबरच्या रात्री, झेपेलिन वायुजहाजातून टाकलेला एक बाँब या चौकाच्या बागेत पडून फुटला. भोवतालच्या इमारतींत सुमारे हजार माणसे झोपलेली होती. एकालाही इजा झाली नाही. बागेत तशी नोंद करून ठेवलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाने या चौकाला वेगळ्याच प्रकारची देणगी दिली. तोफेने विमानाचा पाठलाग कसा करावा, रडारच्या पडद्यावरील ठिपक्यावरून पुढच्या क्षणाचा अंदाज कसा बांधावा, या कामांत शरीरशास्त्रज्ञ, गणिती आणि विद्युत्‌शास्त्रज्ञ एकत्र राबले होते. यंत्र आपल्या कृतीच्या परिणामाची वर्दी परत स्वतःकडे घेते आणि त्या वर्दीनुसार पुढील कृती सुधारते, हे तत्त्व वाफेच्या इंजिनावरील वेगनियामकात जुनेच होते. क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्येच त्याचे गणित मांडले होते. पण हेच तत्त्व हाताने पेला उचलण्यातही आहे, हे नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात ठामपणे सांगितले आणि त्या शास्त्राला ‘सुकाणूधारी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सायबरनेटिक्स’ असे नाव दिले. या चौकातल्या राष्ट्रीय रुग्णालयातील, म्हणजे नॅशनल हॉस्पिटलमधील, जॉन बेट्स यांनी १९४९ साली अशा वीसेक मंडळींची एक बैठक जमवली. वीनर यांचे पुस्तक निघण्यापूर्वीच ज्यांच्या मनात ते विचार होते अशांनाच घ्यावे, आणि तरुणांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून प्राध्यापकपदावरील कोणालाही घेऊ नये, असा दंडक ठरला. रुग्णालयाच्या तळघरात आरामखुर्च्या, थोडे खाणे आणि बिअर यांची तजवीज झाली. या बैठकीचे नाव ‘रेशिओ क्लब’.

१४ सप्टेंबर १९४९ रोजी पहिल्या बैठकीला पाहुणे म्हणून बोलले अमेरिकेचे वॉरन मॅकलक. वॉल्टर पिट्स या विलक्षण तरुणाबरोबर त्यांनी १९४३ साली असा निबंध लिहिला होता की, मज्जापेशी एक तर पेटते किंवा पेटत नाही, एवढेच गृहीत धरले तरी अशा पेशींच्या जाळ्यातून तर्कशास्त्राचे कोणतेही विधान उभे करता येते. आज ज्याला आपण न्यूरल नेटवर्क किंवा कृत्रिम मज्जाजाल म्हणतो त्याचा कूळवृत्तान्त या निबंधापासून सुरू होतो. पण आपल्या विषयाला त्यांचा १९४५ चा एक लहानसा लेख अधिक जवळचा आहे. एखाद्या प्राण्याला पहिल्यापेक्षा दुसरी, दुसरीपेक्षा तिसरी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली वस्तू अधिक प्रिय असेल, तर त्याला आपण वेडा म्हणू. मॅकलक यांनी दाखवले की अगदी थोड्या पेशींचे जाळेही अशी चक्राकार निवड करू शकते, आणि त्यात काही बिघाड नसतो. जेथे आवडींची उतरंड नाही तेथे सर्वोच्च असे काही नाही, आणि म्हणून सर्वोच्च अधिकारीही नाही. अशा व्यवस्थेला त्यांनी ‘हेटरार्की’ असे नाव दिले. मराठीत तिला ‘पाळीपाळीची सत्ता’ म्हणता येईल. ज्याच्याकडे त्या क्षणाची निकडीची बातमी आहे त्याच्याकडे त्या क्षणापुरती मुखत्यारी जाते, या विचारासाठी ते पुढे आरमाराचा दाखला देत: ज्या जहाजाला शत्रू प्रथम दिसतो त्याच्या इशाऱ्यावर घटकाभर साऱ्या ताफ्याला वळावे लागते. जॅक्सनच्या उतरंडीला दिलेले हे आव्हान होते, आणि ते देणारा मनुष्य आता जॅक्सनच्याच रुग्णालयाच्या तळघरात बोलत होता.

या बैठकीचे सभासद पाहिले म्हणजे मन भरून येते. ग्लॉस्टरच्या बार्नवुड हाउस या मनोरुग्णालयातील रॉस ॲशबी यांनी १९४८ मध्ये युद्धातील विमानांच्या जुन्या सुट्या भागांतून ‘होमिओस्टॅट’ नावाचे यंत्र उभारले होते. चार पेट्या, प्रत्येकीवर पाण्याच्या पन्हळीत टेकलेली एक सुई, आणि प्रत्येक पेटीचा प्रवाह उरलेल्या तिघींवर परिणाम करणारा. सुई आपल्या मर्यादेपलीकडे गेली की त्या पेटीतील एक चक्र आपोआप फिरून पंचवीस जोडण्यांपैकी दुसरी एखादी जोडणी अंदाजाने लावी. ती बरोबर नसेल तर पुन्हा दुसरी. असे चाललेले असता कधी तरी चारही सुया मध्यावर येऊन स्थिर होत. एकूण जोडण्या ३,९०,६२५. कोणी तारा उलटसुलट केल्या, कोणी सुया अडकवल्या, तरी यंत्र शोध करीत करीत पुन्हा स्थैर्याला पोचे. त्यात वरिष्ठ पेटी कोणतीही नव्हती. ब्रिस्टलचे ग्रे वॉल्टर यांनी दोनच व्हॉल्व्हचा, म्हणजे जणू दोनच मज्जापेशींचा, मेंदू असलेली यांत्रिक कासवे केली. ती उजेडाकडे जात, अडथळा लागला की वळत, आणि १९५१ च्या ब्रिटनच्या महोत्सवात लोकांनी ती कौतुकाने पाहिली. ॲलन ट्युरिंग हेही सभासद होते. १९५० च्या डिसेंबरात गणकयंत्राला शिक्षण कसे द्यावे या विषयावर ते या तळघरात बोलले. ही मंडळी १९५८ पर्यंत जमत राहिली. त्यांनी संस्था स्थापिली नाही, नियतकालिक काढले नाही. तरी मनुष्याचे आणि यंत्राचे नियंत्रण एकाच भाषेत बोलता येते हा विश्वास ज्या थोड्या ठिकाणी रुजला, त्यांत या तळघराचा मान मोठा आहे.

कृत्रिम जाळ्यांचा पुढचा इतिहास बहुतांशी अमेरिकेतला, आणि तो येथे थोडक्यात सांगून पुढे जातो. फ्रँक रोझेनब्लाट यांच्या ‘परसेप्ट्रॉन’ यंत्रात ४०० प्रकाशपेशी होत्या आणि जोडण्यांचे बळ लहान विजेच्या मोटारी फिरवून कमीजास्त केले जाई. १९६९ साली मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एकाच थराच्या अशा जाळ्याच्या मर्यादा गणिताने दाखवल्या, आणि पुष्कळांचा उत्साह मावळला. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांच्या जाळ्याला शिकवण्याची रीत सर्वांपुढे मांडली: अखेरच्या थरात जी चूक निघाली ती मागे मागे नेत प्रत्येक जोडणीच्या वाट्याला तिचा हिस्सा टाकावयाचा, आणि त्या हिश्शाप्रमाणे तिचे बळ थोडे बदलावयाचे, जमाबंदीत एकूण आकार ठरल्यावर तो शेताशेतावर वाटून देतात तसा हा प्रकार आहे. अशा जाळ्यात अंमल शिकवणीच्या काळात बाहेरून येतो, आणि शिकवणी संपल्यावर तो लाखो जोडण्यांत इतका विरून गेलेला असतो की अमुक एक ठिकाणी तो आहे असे बोट ठेवून दाखवता येत नाही. मेंदूत अशी चूक मागे वाहून नेण्याची सोय दिसत नाही, असा फ्रान्सिस क्रिक यांचा १९८९ चा आक्षेप होता, आणि तो आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

क्वीन स्क्वेअरमध्ये दरम्यान जॅक्सनची परंपरा एका नव्या रूपाने जिवंत होती. नॅशनल हॉस्पिटलमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांच्या सहवासात टिम शॅलिस यांनी मेंदूच्या इजेने माणसाचे कोणते कसब जाते आणि कोणते उरते याचा कसून अभ्यास केला. १९८० साली डोनाल्ड नॉर्मन यांच्याबरोबर त्यांनी एक आराखडा मांडला. रोजची कामे, म्हणजे दात घासणे, चहा करणे, ओळखीच्या वाटेने घरी जाणे, ही पक्क्या झालेल्या क्रियाक्रमांची कामे असून ते क्रम आपापसांत चढाओढ करून, ज्याची वेळ आली तो पुढे येऊन, बिनबोभाट उरकतात. मात्र प्रसंग नवा असला, धोका असला किंवा मोह आवरावयाचा असला म्हणजे मेंदूच्या अग्रखंडातील, म्हणजे कपाळामागच्या भागातील, एक देखरेख करणारी यंत्रणा या चढाओढीत हात घालते. ही यंत्रणा दुखावली तर काय होते, हे पॅरिसच्या फ्रान्स्वा लेर्मित यांनी १९८३ मध्ये दाखवले होते. अग्रखंडाला इजा झालेल्या रुग्णापुढे चष्मा ठेवला की तो तो घालतो, दुसरा ठेवला की पहिल्यावर दुसरा चढवतो. त्याला कोणी सांगितलेले नसते. वस्तूच त्याला हुकूम देते. १९९१ साली शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी असे तीन रुग्ण वर्णिले की ज्यांची बुद्धीच्या चाचण्यांतील कामगिरी उत्तम होती, पण बाजाराच्या रस्त्यावर काही किरकोळ कामे, साध्या नियमांना धरून, करून या म्हटले की त्यांचा सगळा बेत विस्कटे. ज्ञान होते, हातपाय होते, नियमही तोंडपाठ होता. त्याची योग्य क्षणी आठवण करून देणारा कोणी उरला नव्हता.

या देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणाची, हा आक्षेप उघड आहे, आणि त्याला उत्तर देण्याचा सर्वांत समाधानकारक प्रयत्न मला एका लहानशा कृत्रिम जाळ्यात दिसतो. पिट्सबर्गच्या जोनाथन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ते केले. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने लिहून शाईचा रंग विचारला की मनुष्य अडखळतो, कारण वाचनाची वाट पायाखालची आणि रंग सांगण्याची वाट कमी वापरातली. त्यांच्या जाळ्यात प्रत्येक कामासाठी एकेक जादा पेशी होती; त्यांपैकी एक ‘रंग सांग’ एवढे काम आठवून ठेवणारी. ती काही हिशेब करीत नाही, शब्द ओळखत नाही, केवळ अशक्त वाटेला थोडा टेकू देते, आणि तेवढ्यावर सशक्त वाट मागे हटते. फर्मान म्हणून ज्याची आपण कल्पना करतो ते बहुधा एवढेच असते: योग्य बाजूला, योग्य वेळी, टिकून राहिलेला एक हलका कल.

जॅक्सनची रीत, म्हणजे मोडलेल्या ठिकाणावरून रचना ओळखणे, यंत्रावर कसोशीने चालवली तीही शॅलिस यांनीच, जॉफ्री हिंटन यांच्याबरोबर, १९९१ मध्ये. शब्दाच्या अक्षरांवरून अर्थाकडे जाणारे एक जाळे त्यांनी शिकवून तयार केले आणि मग मुद्दाम त्याच्या जोडण्या तोडल्या. मेंदूच्या इजेने वाचन बिघडलेले काही रुग्ण एका शब्दाऐवजी त्याच्या अर्थाच्या जवळचा शब्द वाचतात आणि त्याच वेळी दिसण्यात सारखे असलेले शब्दही एकमेकांऐवजी वाचतात. या दोन चुका एकत्र का येतात याचा उलगडा होत नव्हता. तोडलेले जाळेही दोन्ही चुका करू लागले, आणि आश्चर्य असे की जोडण्या कोणत्याही थरात तोडल्या तरी दोन्ही चुका दिसत. चुकीच्या जातीवरून इजेची जागा सांगता येते, हा जो शंभर वर्षांचा भरवसा, हॉर्स्ली यांच्या सुरीमागे उभा असलेला, त्याला येथे पहिल्यांदा अशी गंभीर अट घातली गेली. झटक्याच्या बाबतीत तो खरा ठरला होता; अर्थाच्या बाबतीत तसा ठरेलच असे नाही.

१९९८ मध्ये हिंटन स्वतः क्वीन स्क्वेअरला आले आणि सतरा क्रमांकाच्या इमारतीत ‘गॅट्स्बी’ या नावाचा संगणकीय मज्जाशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला; त्याच इमारतीत शॅलिस यांची बोधात्मक मज्जाशास्त्राची संस्था होती. हिंटन तीन वर्षांनी परत गेले आणि विभागाची सूत्रे पीटर डायन यांच्याकडे आली. तेथेच नथॅनिअल डॉ, याएल नीव आणि डायन यांनी २००५ साली जो निबंध लिहिला त्यात मॅकलक यांच्या पाळीपाळीच्या सत्तेच्या विचाराला नेमके गणित मिळाले. उंदराने दांडी दाबून खाऊ मिळवण्याचे दोन मार्ग त्यांनी कल्पिले: एक दूरदर्शी, प्रत्येक पावलापुढे काय होईल याचा विचार करणारा, दुसरा सवयीचा, मागच्या फायद्याची बेरीज जपून ठेवणारा. खाऊ नकोसा झाला की पहिला लगेच थांबतो, दुसरा हात चालूच ठेवतो. दोघांपैकी तेव्हा कारभार कोणी करावा? त्यांचे उत्तर असे की, दोघेही आपल्या अंदाजाबरोबर त्या अंदाजाची अनिश्चितीही सांगतात, आणि ज्याची अनिश्चिती कमी त्याच्याकडे सूत्रे जातात. आरंभी दूरदर्शी, दीर्घ सरावानंतर सवयीचा. निवाडा करणारा तिसरा हुजूर लागत नाही.

याच विभागात ओळख झालेल्या डेमिस हसाबिस आणि शेन लेग यांनी २०१० साली, मुस्तफा सुलेमान यांच्यासह, डीपमाइंड ही कंपनी काढली. २०१५ मध्ये तिने ४९ जुन्या व्हिडिओ खेळांवर शिकवलेले जे जाळे प्रसिद्ध केले ते त्यांतील पुष्कळ खेळांत माणसाच्या बरोबरीने किंवा वरचढ खेळले. पण ‘मॉन्टेझुमाज रिव्हेंज’ या खेळात, जेथे किल्ली मिळवण्यासाठी आधी लांबचा बेत रचावा लागतो, तेथे त्याला गुण मिळाले शून्य. डॉ आणि नीव यांच्या भाषेत ते जाळे केवळ सवयीचे होते. मग बेताची उतरंड जाळ्यात आधीच लिहावी लागते काय? बोट्विनिक आणि प्लाउट या संशोधकांनी त्याआधीच, २००४ मध्ये, कॉफी व चहा करण्याचे क्रम शिकलेले एक जाळे दाखवले होते. त्यात ‘साखर घालणे’ ही पायरी कोठेही लिहिलेली नव्हती, तरी जाळ्याच्या आतल्या थरात थोडा गोंधळ मिसळला की ते अग्रखंडाच्या रुग्णांसारखेच घोटाळे करी, आणि तेही विशेषेकरून एक काम संपून दुसरे सुरू व्हावयाच्या सांध्यावर. शॅलिस आणि रिचर्ड कूपर यांनी उतरंड मानल्यावाचून चालणार नाही असे त्याला उत्तर दिले. हा वाद एका घरातल्या दोन पिढ्यांमधला वाटतो, आणि माझे मन त्यात कूपर-शॅलिस यांच्याकडे झुकते. उतरंड जाळ्यात आपोआप उमटू शकते हे मान्य करूनही, होम्स यांच्या सैनिकाला आपला हात तुकड्यातुकड्याने चालवावा लागला तेव्हा ते तुकडे कोठून तरी आलेच होते.

गॅट्स्बी विभाग आता चौकातून उठून जवळच्याच हाउलंड स्ट्रीटवर गेला आहे. रुग्णालय मात्र चौकातच आहे. त्याचे नाव जगभरच्या मज्जावैद्यांच्या हातात ज्या वस्तूमुळे पोचले ती वस्तू म्हणजे लांब दांड्याची, गोल चकतीची एक हातोडी. विंटल नावाच्या इथल्या परिचारिका पितळी कप्पीच्या चाकाला रबराची कड बसवून आणि वेताचा दांडा लावून ती स्वतः तयार करीत आणि निवासी वैद्यांना विकत. गुडघ्याच्या वाटीखाली ती हातोडी हलकेच ठोकली की निरोगी पाय थोडासा उसळतो आणि थांबतो. मेंदूपासून खाली येणारी वाट तुटलेली असेल तर तोच पाय जोराने झटका देतो, आणि कधीकधी थरथरत राहतो. खाटेशेजारी उभा असलेला वैद्य त्या थरथरीवर हात ठेवून ती किती वेळ टिकते ते मोजतो.